मांजर सोफ्यावर डूख धरतं का?

पत्र थोडक्यात असं : पत्रलेखिका डोंबिवलीत राहतात. घरात त्या, त्यांचे पती, सासूबाई आणि नववीतला मुलगा. दोन पावसाळ्यांपूर्वी मुलाने पार्किंगमधून एक भिजलेलं पिल्लू वर आणलं. त्या पिल्लाची आता चिंगी झाली आहे. तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं आहे आणि ती घराबाहेर जात नाही. पहाटे साडेपाचला पत्रलेखिकेच्या उशाशी येऊन ती वाटी भरून घेते. गेल्या दिवाळीच्या आधी या घराने सुताराकडून सोफासेट करून घेतला, ६२ हजारांचा, जाडसर विणीचं राखाडी कापड लावून. तीन महिन्यांत त्याच्या उजव्या हाताचे धागे लोंबायला लागले. पती पाण्याचा फवारा मारतात. सासूबाईंनी सोफ्याखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत आणि फरशी रोज फिनेलने पुसून घेतात. ‘ओरडलं की मुद्दाम तिथेच जाते, डूख धरून आहे मेली’, असं त्यांचं म्हणणं. न्यू जर्सीची नणंद सांगते, नखं काढूनच टाका. खालच्या मजल्यावरचे शेजारी सांगतात, मासळीबाजारात सोडा, पोट भरेल तिचं. दिवंगत सासऱ्यांच्या वेताच्या आरामखुर्चीवरही नखं उमटली आहेत. मांजराला काही शिकवता येत नाही हे पत्रलेखिकेने धरूनच ठेवलं आहे. त्यांचा प्रश्न : सोफा वाचवू की मांजर?

ताई,

सोफ्याचं नंतर बोलू. आधी उठा आणि सोफ्याखालच्या डांबराच्या गोळ्या वेचून घराबाहेर टाका. पुढचं वाचायला मग या.

सासूबाईंनी त्या चांगल्या हेतूनेच ठेवल्या असणार. ट्रंकेत, कपाटात, बाथरूमच्या जाळीवर त्या गोळ्या बघतच आपण मोठे झालो. पण त्यात बहुधा नॅफ्थॅलीन असतं आणि मांजराला ते विषच. फिनेलचीही तीच गत. अशा काही रसायनांचा निचरा आपलं यकृत करतं तसा मांजराच्या यकृताला करता येत नाही. चिंगी फिनेलच्या ओल्या फरशीवरून चालते, मग उन्हात बसून पंजे चाटते, आणि फरशीवर जे होतं ते तिच्या पोटात जातं. फरशी साध्या पाण्याने किंवा सौम्य साबणाने पुसा, ती तेवढीच स्वच्छ होते. ‘घरगुती, नैसर्गिक’ म्हणून जे उपाय सांगितले जातात तेही तपासून घ्या. नीलगिरीचं तेल, टी ट्री ऑइल, संत्र्या-लिंबाच्या सालीचं काढलेलं तेल यांतलं काहीही मांजराच्या वाटेत शिंपडायचं नाही. तिखटाची पूडही नको. ती पंजावरून डोळ्यांत जाते, आणि मग सोफ्याची गोष्ट राहते बाजूला. चिंगीची लाळ गळत असेल, उलट्या होत असतील, ती खात नसेल किंवा सुस्त पडून असेल तर वाट न बघता तिला डॉक्टरांकडे न्या आणि गोळ्यांचं, फिनेलचं त्यांना आधी सांगा.

टाकल्यात गोळ्या? आता डूख.

डूख खरं म्हणजे नागसुद्धा धरत नाही. ते आपण त्याच्या नावावर खपवलेलं आहे. चिंगीला सोफ्याची किंमत माहीत नाही आणि ‘यांना बघतेच आता’ असले लांबचे बेत मांजर आखत नाही. ती काय करते ते उद्या एकदा नुसतं बघा. दुपारी ती झोपेतून उठेल तेव्हा हाक न मारता गुपचूप बसून राहा. आधी पाठीची कमान होईल. मग चार पावलं चालत ती सोफ्याच्या त्या हाताशी जाईल, मागच्या पायांवर उभी राहून पुढचे पंजे जातील तितके उंच रोवेल आणि सगळा भार टाकून अंग खाली ओढेल. खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत तिची एकेक शीर ताणलेली दिसेल. आपण उठल्यावर आळोखेपिळोखे देतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त तिला त्यासाठी धरायला काहीतरी लागतं.

ती निघून गेली की सोफ्याच्या पायाशी वाकून बघा. पांढुरकी, चंद्रकोरीसारखी, आतून पोकळ टरफलं सापडतील. अनेकांना वाटतं मांजराचं नखच तुटून पडलं. ती नखावरची जुनी खोळ असते. मांजराचं नख कांद्यासारखं थराथराने वाढतं, आणि वरचा थर सैल झाला की तो उतरवायला खरखरीत काहीतरी हवं असतं. तिसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. तिच्या पंजांत वासाच्या ग्रंथी असतात. ओरखड्याबरोबर ती तिथे आपला वास ठेवते. ओरखडा दिसायला आणि वास हुंगायला, अशी तिची दारावरची पाटी आहे ती.

त्यातही तोच हात का, याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. सोफा जड आहे, तिने सगळा जोर लावला तरी हलत नाही. कापडाची वीण मोठी आहे, नख अडकतं आणि ओढलं की टरटर धागा निघतो. सोफा दिवाणखान्याच्या मधोमध, येण्याजाण्याच्या वाटेवर आहे आणि त्याला तुम्हा सगळ्यांचा वास आहे. मांजराच्या दृष्टीने तुमच्या सुताराने ६२ हजारांचा अव्वल दर्जाचा नखं घासायचा खांब करून दिला आहे.

आणि ओरडल्यावर ‘मुद्दाम’ तिथे जाणं? मांजर गडबडलं किंवा फार उत्तेजित झालं की नखं घासतं. पाहुणा आला, दाराची बेल वाजली, कुणी अंगावर धावून आलं, की लगेच दोन ओरखडे. शिवाय दिवसभर कुणी लक्ष देत नाही आणि सोफ्याला पंजा लावला की अख्खं घर तिचं नाव घेत उठतं, हे तिने केव्हाच टिपलं असेल. तुमच्या यजमानांच्या फवाऱ्याचंही तसंच. फवारा मारणारा माणूस ८:१२च्या लोकलने गेला की सोफा मोकळा. चिंगी त्यातून एवढंच शिकली की हे गृहस्थ घरी असताना तिकडे जायचं नाही. उलट या गृहस्थांपासूनच जरा लांब राहिलेलं बरं, हेही शिकली असेल. ते त्यांना नको असावं.

म्हणजे ती शिकते. पहाटे साडेपाचला ती येते आणि तुम्ही डोळे चोळत उठून वाटी भरता असं तुम्हीच लिहिलंत. या घरात कुणीतरी कुणाला तरी व्यवस्थित शिकवलेलं आहे.

तेव्हा ‘नखं घासणं बंद कसं करू’ हा प्रश्न सोडून द्या. ते बंद होत नाही. पोळ्या लाटताना पीठ सांडतंच, तसं मांजर आहे तिथे नखं घासणं आहे. ठरवायचं इतकंच, की कशावर आणि कुठे.

इथे माझी फजिती सांगते, तुमचे पैसे वाचतील. माझ्याकडे बंड्या नावाचा बोका आहे. त्याने माझ्या आईच्या दिवाणाची गादी फाडायला घेतली तेव्हा मी घाईघाईने ऑनलाइन एक खांब मागवला. दोन फूट उंच, गुलाबी मखमलीचा, टोकाला लोंबणारा गोंडा. दिवाणखान्यात शोभणार नाही म्हणून तो मी गॅलरीत वॉशिंग मशीनच्या बाजूला ठेवला. बंड्या पहिल्यांदा त्याच्यावर रेलला आणि खांब त्याच्या अंगावर आडवा झाला. आठ महिने तो त्या गॅलरीत फिरकला नाही. दिवाण मात्र जागच्या जागी होता, जड आणि भरवशाचा. त्या खांबात काय काय चुकलं याची यादी म्हणजेच चांगल्या खांबाची कृती : तो बुटका होता, हलका होता, गुळगुळीत होता आणि चुकीच्या जागी होता.

म्हणून दुकानात जायच्या आधी तुमच्या त्याच सुताराला फोन करा. त्याला तीन इंची चौकोनी लाकडाचा तीन फूट उंचीचा खांब सांगा. पूर्ण वाढलेलं मांजर मागच्या पायांवर उभं राहून अंग ताणेल तर त्याला एवढी उंची लागते. त्याहून कमी असेल तर ते परत सोफ्याकडे जाईल. खाली जाड प्लायचा दीड फूट बाय दीड फूट पाट, आणि खांब त्याला खालून तीन-चार स्क्रूंनी आवळलेला. एवढ्यानेही तो डुगडुगला तर पाटावर कडप्प्याचा तुकडा टाका, ओट्याचं काम चाललेल्या कुठल्याही घराखाली मिळतो. स्वतः खांबाला धरून जोरात ओढून बघा. तुमच्या हाताला तो हलला तर चिंगीच्या पंजालाही हलणार.

आता दोरी. ऑनलाइन ‘सिसल’ नावाने जी महागडी दोरी विकतात ती कसली असते माहीत आहे? आपल्या शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला तलवारीसारखी पाती घेऊन उभं असतं ते घायपात, काही भागांत केकताड म्हणतात, त्याचाच वाख. बैलांचे कासरे, दावी वाखाचीच वळायचे. गावाकडचा बाजार जवळ असेल तर पोळ्याच्या सुमारास दोरवाले बसतात, तिथे बघा. डोंबिवलीत हार्डवेअरच्या किंवा सुतळी-दोरीच्या दुकानात चौकशी करा. वाख मिळालाच नाही तर काथ्याचा सुंभ घ्या (जळला तरी पीळ न सोडणारा तो हाच), किंवा जाड सुतळी. नायलॉन नको. त्यावरून नख सटकतं, आणि धागा पिंजल्याचं सुखही मिळत नाही. घेताना दोरीचा वास घ्या. सुतळीला कधी कधी रॉकेलसारखा तेलकट वास असतो, तशी असेल तर परत ठेवा.

सहा मिलिमीटर जाडीची दोरी घेतलीत तर अडीच फूट गुंडाळायला साधारण सव्वाशे वेढे बसतात आणि ४० ते ४२ मीटर दोरी लागते. ४५ मीटर आणा. मुलाला कामाला लावा, मांजर त्यानेच आणलं आहे. तळाशी अर्धा फूट लाकूड मोकळं सोडून तिथे एक टोक खिळ्याने ठोकायचं, दोन-तीन वेढ्यांना फेव्हिकॉलचं बोट लावायचं आणि ओढून गुंडाळत जायचं. दर चार-पाच वेढ्यांनी लाकडाच्या ठोकळ्याने वरून खाली ठोकून फट बुजवायची. फटी राहिल्या की नख अडकतं, मांजर घाबरतं आणि पुन्हा फिरकत नाही. वरचं टोक असं ठोका की खिळ्याचं डोकं दोरीत बुडेल. मग एक दिवस तसाच वाळू द्या.

हा खांब तुम्ही कुठे ठेवणार? ‘दिवाणखान्यात कसा दिसेल’ हा विचार तुमच्या मनात आत्ता आला, हो ना? माझ्याही आला होता, पुढचं वर सांगितलंच. खांब सोफ्याच्या उजव्या हाताला चिकटून, ती ज्या बाजूने येते त्या बाजूला ठेवायचा. तिला आपली सवय मोडावी लागू नये, फक्त एक वीत इकडे वळावं लागावं. पाहुण्यांना सांगा चिंगीचा आहे. तो बघून कुणी तुमच्याकडे यायचं थांबणार नाही.

त्याच दिवशी सोफ्याचा हात तिच्या दृष्टीने बेचव करून टाका. जुनी चादर घट्ट ताणून खाली खोचा, सैल सोडू नका, नाहीतर तिला खेळायला आणखी एक वस्तू मिळेल. चादर गुळगुळीत विणीची हवी. तिच्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपच्या उभ्या पट्ट्या लावल्यात तर उत्तमच. पंजाला चिकट लागलेलं मांजराला अजिबात आवडत नाही आणि त्यात इजाही नाही. टेप थेट कापडावर लावण्याआधी सोफ्याच्या मागे कोपऱ्यात लावून बघा, डाग राहतो का. सोफ्यावर वर्षभर चादर आणि पाहुणे आले की ती काढायची, हे तर आपल्याकडे मांजर नसलेल्या घरांतही चालतं, त्यामुळे तेवढं तुम्हाला जड जाऊ नये. ताजी लिंबाची-संत्र्याची सालं काही जण ठेवतात. त्या वासाने मांजर तोंड फिरवतं, पण साल वाळली की संपलं. मी त्या भानगडीत पडत नाही.

पुढचं सगळं तिच्या वेळा पाळण्यात आहे. झोपेतून उठल्यावर आणि तुम्ही बाहेरून घरी आल्यावर ती हमखास नखं घासते. त्या वेळी खांबाशी एक दोरा सरपटवा, वर ओढा, तिचा पंजा खांबावर पडू द्या. पडला की त्याच क्षणी कोरड्या खाण्यातले दोन दाणे तिच्यासमोर ठेवा. दोन मिनिटांनी दिलेत तर ते कशाचे हे तिला कळत नाही. तिचे पंजे हातात धरून खांबावर घासून दाखवायचा मोह मात्र आवरा. सगळे हे करतात आणि सगळी मांजरं त्यानंतर खांबाकडे पाठ फिरवतात. पावसाळ्यात कुंपणाच्या कडेला खोकली नावाचं रोपटं उगवतं, काही ठिकाणी कुप्पी म्हणतात. त्याच्या मुळाच्या वासाने बरीच मांजरं लोळण घेतात. ओळखणारं कुणी असेल तर मूळ धुऊन खांबाला चोळा, खायला देऊ नका. ओळखता येत नसेल तर राहू द्या, खांब त्यावाचूनही चालतो.

तिने सोफा धरलाच तर ओरडू नका. टाळी नको, फवारा तर नकोच. उठून खांबाशी दोरा हलवा, एवढंच. फवाऱ्याची बाटली यजमानांनी कुंड्यांसाठी वापरावी.

महिनाभर खांब रोज वापरात दिसला की मग दिवसाला चार बोटं, याहून जास्त नाही, असा तो तुम्हाला हव्या त्या कोपऱ्याकडे सरकवा. कोपरा दिवाणखान्यातलाच हवा. आणि दोरी पिंजून तिच्या जटा झाल्या म्हणून खांब बदलायला धावू नका. तो आता कुठे तिच्या मनासारखा झालेला असतो. अगदी लाकूड दिसायला लागलं तरच नवी दोरी, तीही निम्म्या भागालाच.

काही मांजरांना उभं घासायचं नसतं, आडवं हवं असतं. ती पायपुसण्यावर, सतरंजीवर पंजे मारतात. त्यांच्यासाठी काथ्याचं साधं पायपुसणं किंवा फळीवर ताणून ठोकलेलं गोणपाट पुरतं. चिंगीचे ओरखडे उभे आहेत हे तुमच्या वर्णनावरून कळतं, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं मांजर गालिचा खात असेल तर त्यांनी खांबावर खर्च करू नये. आधी ओरखड्यांची दिशा बघावी.

नखं कापायची का? हो, दर दोन-तीन आठवड्यांनी, पुढच्या पायांची. त्याने घासणं थांबत नाही, पण नुकसान निम्मं होतं. जेवून पेंगत असेल तेव्हा तिला मांडीवर घ्या. बोटाच्या गादीवर वरखाली हलका दाब दिला की नख आपसूक बाहेर येतं. उजेडासमोर धरलंत की मुळाशी गुलाबी भाग दिसेल. तिथे रक्तवाहिनी आणि मज्जातंतू आहे, तिकडे जायचंच नाही. टोकाचा पारदर्शक आकडा तेवढा कापा. पहिल्या दिवशी दोन नखं झाली तरी पुरे, एका बैठकीत सगळी व्हायलाच पाहिजेत असं कुठे आहे? चुकून रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. हे जमत नसेल तर पहिल्यांदा डॉक्टरांकडून करून घ्या आणि बघून शिका. नखांवर चिकटवायच्या मऊ टोप्याही मिळतात, चार-सहा आठवडे टिकतात. घरातच राहणाऱ्या मांजराला चालतात, पण बसवताना जी कुस्ती होते ती बघता मी आधी खांबाचंच सांगेन.

आता नणंदबाई. त्या म्हणतात ते ‘नखं काढणं’ ऐकायला नेलकटरचं काम वाटतं. प्रत्यक्षात बोटाचं शेवटचं पेरच कापतात, कारण नख त्या हाडातूनच उगवतं. मांजराच्या पुढच्या दोन पायांना मिळून दहा नखं असतात. म्हणजे दहा पेरं. तुमच्या स्वतःच्या बोटांकडे एकदा बघा आणि पुढे वाचा. त्यानंतर पाय दुखत राहणं, लिटरच्या ट्रेमध्ये, म्हणजे शी-शूच्या ट्रेमध्ये, पाय ठेवायला नको म्हणून घरभर घाण करणं आणि नखं नाहीत म्हणून चावायला लागणं, हे सगळं अशा मांजरांत दिसतं. ब्रिटनमध्ये हे बेकायदा आहे. नणंदबाईंच्या शेजारच्या न्यूयॉर्क राज्याने २०१९मध्ये यावर बंदी घातली, अमेरिकेतलं बंदी घालणारं ते पहिलं राज्य. त्यांना हे जरूर कळवा, त्या वाईट हेतूने बोलल्या नसणार.

मासळीबाजाराचं फार लिहीत नाही. दीड-दोन वर्षं वाटीतलं खाल्लेलं, रस्ता न पाहिलेलं मांजर तिथे मासे खाईल हे शेजाऱ्यांचं स्वप्न आहे. तिथे आधीची मांजरं आहेत, कुत्री आहेत, टेम्पो आहेत. आणि पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६०च्या कायद्याच्या कलम ११खाली गुन्हा आहे, हे त्यांना चहा पिता पिता सांगायला हरकत नाही.

राहता राहिली खुर्ची.

ताई, तुमच्या पत्रात सोफ्यावर दोन पानं आहेत आणि सासऱ्यांच्या आरामखुर्चीवर दोन ओळी. मला मात्र त्या दोन ओळींपाशी थांबावंसं वाटलं. सासूबाई सोफ्यावरून बोलतात, पण सोफा येण्याआधीपासून, खुर्चीवर पहिला ओरखडा दिसला तेव्हापासून त्या चिंगीवर चिडल्या आहेत, हे तुम्हीच ओघात लिहून गेलात. त्या खुर्चीची पाठ ज्यांच्या पाठीने झिजली ते माणूस आता नाही. डांबराच्या गोळ्या सोफ्याखाली गेल्या, पण राखण त्या खुर्चीची करत असाव्यात असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकीचाही असेल. तुम्ही त्यांच्याजवळ बसून विचारा. ‘खुर्चीचं काय करूया?’ एवढंच विचारा, चिंगीची वकिली त्या वेळी नको.

त्या काय सांगतील मला माहीत नाही. वेताचं काम करणारे कारागीर अजून आहेत. पट्ट्या भिजवून मऊ करतात आणि फाटलेला भाग उसवून पुन्हा विणतात. पण सासूबाईंना ती वीण बदलायचीच नसेल तर आग्रह करू नका. तसं असेल तर खुर्ची त्यांच्या खोलीत जाऊ द्या आणि ती खोली चिंगीला बंद. कायमची. घरात एक दार असं असावं की ज्यामागे मांजर जात नाही, हा सासूबाईंचा हक्क आहे, आणि तो मिळाला की बाकीच्या घरात चिंगीला वावरू देणं त्यांना सोपं जाईल. त्यांना मांजर आवडलंच पाहिजे असं काही नाही. तुम्ही, तुमचा मुलगा आणि एक खांब एवढं तिला पुरेल. मी पाहिलेल्या घरांत पहिल्यांदा दाणे टाकायला लागतात त्या बहुतेक वेळा सासूबाईच, पण तुमच्याकडे तसंच होईल अशी आशा धरून बसू नका.

ज्यांचं घर अजून मांडायचं आहे त्यांच्यासाठी जाता जाता : मांजर असेल तर सोफ्याला चटईसारखी जाड वीण, ताग, हातमागाचं खडबडीत कापड घेऊ नका. मायक्रोफायबर किंवा घट्ट, आखूड मखमल घ्या. नखाला अडकायला फास मिळत नाही आणि मांजर कंटाळून निघून जातं. रेक्झिनला नखाची भोकं पडतात आणि मग ते पापुद्र्यांनी सुटतं. चामड्यावरचा ओरखडा जन्मभर दिसतो. भाड्याच्या घरात असाल तर मालकाच्या फर्निचरला पहिल्याच दिवशी चादर घाला, पहिल्या ओरखड्याची वाट बघू नका. आणि जे मांजर आजवर शहाणं होतं आणि अचानक दाराच्या चौकटी, खिडकीखालची भिंत ओरबाडायला लागलं, त्याच्या घरच्यांनी ग्रिलबाहेर रात्री कुठला बोका येऊन बसतो का ते बघा. तसं असेल तर खिडकीच्या खालच्या भागाला कागद चिकटवा आणि एक खांब त्या खिडकीशीच ठेवा. घरातलं मांजर ऑपरेशन न झालेलं असेल तर ते करून घ्या.

शून्य ओरखड्यांची हमी मी देणार नाही. माझ्या दिवाणावर आजही वर्षातून एखादा नवा उमटतो, बहुतेक गणपतीत, घरात माणसं वाढली की. तीन आठवड्यांत फरक दिसेल, स्थिरावायला दोन महिने लागतील.

तोवर सोफ्याचं कापड बदलायची घाई करू नका. आत्ता बदललंत तर नव्या कापडाला जुनीच सवय भेटेल. खांबाची दोरी चांगली पिंजली आणि चादरीखाली दोन महिने नवा धागा निघाला नाही, की मग सुताराला बोलवा. सगळा सोफा उसवायला लावू नका. दोन्ही हातांनाच घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड लावायला सांगा, म्हणजे ते ठिगळ न वाटता मुद्दाम केल्यासारखं दिसेल. आणि उजव्या हाताचं उतरवलेलं ते लोंबणाऱ्या धाग्यांचं कापड तो पिशवीत कोंबायला लागला तर त्याला थांबवा. त्याला चिंगीचा वास आहे. त्यातला हातभर तुकडा कापून खांबाच्या तळाशी, दोरीच्या खाली जी अर्धा फूट लाकडी जागा उरली आहे, तिथे चार खिळ्यांनी ठोकून घ्या.